घंटा होईपर्यंत

आमचं कॉलेज सुरू झालं ते दादा मागच्या दाराने बाहेर पडला त्या सकाळी. वार्षिक समारंभाला येणारे पाहुणे दर वर्षी वेगळं सांगतात. कुणी म्हणतं, एका फळ्यापासून सुरुवात झाली. कुणी म्हणतं, एका बाईच्या जिद्दीपासून. फळा होता, जिद्दही होती, नाही कशी म्हणू? पण मी तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी भाजी निवडत बसले होते, आणि मला दिसलं ते हे: दादाने हत्यारांची पेटी काखेत घेतली, चपला हातात घेतल्या आणि पाऊल न वाजवता तो परसातून निघून गेला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. धंद्याने घड्याळजी. समोरच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी त्याचं टेबल होतं. वहिनी शिकलेल्या, लग्नाआधी शाळेत शिकवत असत. मी नवरा गेल्यावर माघारी आलेली बहीण. वहिनी मला वन्सं म्हणत, पुढे पोरी आत्या म्हणायला लागल्या. मला तीन नेम आहेत. सकाळी देवाचं नाव घेतल्याशिवाय पाणी पीत नाही, दिवसातून एकदाच जेवते आणि खोटं बोलत नाही. पहिले दोन सोपे आहेत.

शाळा संपली की मुलींनी पुढे काय करायचं, याला आमच्या भागात तेव्हा उत्तर नव्हतं. कॉलेज होतं ते मुलांचं, आणि तेही लांब. वहिनींनी ओळखीपाळखीत सांगितलं होतं की मुली पाठवा, मी घरी शिकवते, परीक्षेला बाहेरून बसवू. सगळ्यांत आधी आले ते कापडाचे दुकानदार. आम्ही त्यांना कापडवाले काकाच म्हणत आलो. बरोबर त्यांची मुलगी, काटकुळी, डोळे तेवढे मोठे. घरी तिला चिमणी म्हणत. काका उंबऱ्याशी उभे राहिले आणि दादाच्या टेबलाभोवती जमलेल्या गिऱ्हाइकांकडे बघत राहिले. मग म्हणाले की पोर हुशार आहे, मागे लागलीय म्हणून आणली, पण मुली असताना घरात पुरुषमाणूस नको. एवढं पाळलं तर त्यांची ना नव्हती.

वहिनींनी विचार करायलासुद्धा वेळ घेतला नाही. "नसेल," त्या म्हणाल्या. "शब्द देते."

दादाच्या डोळ्याला भिंग होतं. त्याने ते काढलं, हातातला स्क्रू बसवून टाकला, गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितलं आणि पेटी उचलली. वहिनींना वाटलं असेल, काका जाईपर्यंत बाहेर गेले. मलाही तसंच वाटलं. पण शब्द दिला म्हणजे दिला, आणि तो बायकोने दिला काय की नवऱ्याने, घराने दिलेला असतो, असं दादाचं म्हणणं. दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या गल्लीतल्या छत्रीवाल्याच्या दुकानात, जिन्याखालच्या कोनाड्यात बसायला लागला. वहिनी संध्याकाळी म्हणाल्या, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, लोकांचा विश्वास बसला की हे सगळं आपोआप सैल होईल. दादा म्हणाला, छत्रीवाल्याकडे उजेड बरा आहे. उजेड मुळीच बरा नव्हता. दुपारीसुद्धा दिवा लावावा लागे.

गल्लीला विषय मिळाला. घरजावई ऐकला होता, म्हणे, पण स्वतःच्याच घरात पाहुणा झालेला नवरा आज पाहिला. छत्रीवाला स्वतः कमी नव्हता. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आता आमच्याकडे पाऊस किती वाजता पडणार तेही सांगून मिळेल. दादा रात्रीच्या जेवणाला हे सगळं नकला करून सांगे आणि आम्हाला हसवी. वहिनी हसत, आणि हसता हसता त्याच्या पानात आणखी वाढत.

तीन मुलींच्या सात झाल्या, मग मी मोजणं सोडून दिलं. समोरच्या खोलीला मधली खोली जोडली. मधली भिंत पाडून हॉल झाला. सुताराने बाकं करून आणली. ती दारातून आत येईनात, तेव्हा चौकट काढून आत घ्यावी लागली आणि पुन्हा चौकट बसवताना दार कायमचं तिरकं झालं. ओसरीला फळ्या मारून तिथे वहिनींची कचेरी आली. परसातल्या शेडमध्ये काचेच्या नळ्या आणि गॅसच्या शेगड्या. वहिनींच्या हाताखाली आणखी शिकवणाऱ्या बाई आल्या, घंटा द्यायला एक मावशी आली, कारभार बघायला पालकांची समिती आली, मान्यता आली. आमच्यासाठी उरली ती माडीवरची एक खोली. तिथे दादा-वहिनींची खाट आणि ट्रंका. मी स्वयंपाकघरात निजत असे. माडीचा जिना हॉलच्या कोपऱ्यातून वर जाई, त्यामुळे तास चालू असताना वर जायचं तर पोरींच्या बाकांमधूनच वाट होती.

दादाला पोरी दिसत नव्हत्या, पण त्यांची घड्याळं ठाऊक होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्या पोरी आपापली मनगटी घड्याळं माझ्याकडे देत. मी ती फडक्यात बांधून छत्रीवाल्याकडे नेई आणि दादा ती पुसून, तेल देऊन, सगळी एका वेळेवर लावून परत पाठवी. कुणाचं मागे पडतं, कुणी पट्टा दातांनी चावते, कुणी घड्याळ काढून न ठेवता भांडी घासते, त्याला सगळं माहीत. चिमणीच्या घड्याळाची काच तीनदा फुटली होती. ही पोर हात हलवत बोलते, दादा म्हणाला, आणि खरंच ती तशीच बोलायची. पोरी त्याला घड्याळकाका म्हणत. त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

विश्वास बसला की नियम सैल होईल असं वहिनी म्हणाल्या होत्या. झालं उलटंच. नवे आईबाप मुलीला घेऊन आले की वहिनी त्यांना आधी हेच सांगत: या घरात पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत पुरुषाचा पायरव नाही. सांगताना त्यांची मान ताठ होई. आणि ऐकणाऱ्याचा चेहरा सैल पडलेला दिसे, हेही खरं. एकदा तास चालू असताना नळ फुटला आणि नळवाला आत घ्यावा लागला. पुढच्याच आठवड्यात दोन मुलींची नावं कमी झाली. कारण नळवालाच होता की दुसरं काही, ते आम्ही विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. त्यानंतर वहिनी त्या नियमाला अशा जपायला लागल्या की जणू घराचं छप्पर त्याच एका खांबावर उभं आहे.

मग दादाला खोकला लागला. त्या कोनाड्यात ओल होती. आधी साधाच वाटला, मग जिना चढताना त्याला मध्ये थांबावं लागायला लागलं. डॉक्टर शेवटच्या घंटेनंतर आले, बराच वेळ छातीला नळी लावून ऐकत बसले आणि म्हणाले की फुप्फुसाचं आहेच, पण हृदयही थकलंय, आता अंथरूण सोडायचं नाही. दादाने विचारलं, रात्री ना? डॉक्टर म्हणाले, नाही तर काय दिवसा घुबडासारखे झाडावर बसणार आहात?

त्यांना कल्पना नव्हती की आम्ही तिघं खरंच तोच विचार करत होतो.

दवाखाना दूर, आणि हलवायचं नाही असं डॉक्टरांनीच सांगितलेलं. वहिनी त्या संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या. ते पहिल्या तुकडीचं शेवटचं वर्ष होतं. चिमणीची तुकडी. ती पदवीच्या परीक्षेला आमच्याच हॉलमध्ये बसणार होती, तशी परवानगी पहिल्यांदाच मिळाली होती आणि बाहेरून पर्यवेक्षक येणार होत्या. वहिनी मला म्हणाल्या की ही तुकडी बाहेर पडू दे, मग मी स्वतः समितीत विषय काढते, म्हणते, माझा माणूस आजारी आहे, त्याला त्याच्या घरात राहू द्या. तोवर ते वर आहेत हे कुणाला कळता कामा नये. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या गप्प झाल्या. माझ्या तिसऱ्या नेमाची त्यांना आठवण झाली असावी. त्यांनी मला खोटं बोलायला कधीच सांगितलं नाही, तो त्यांचा मोठेपणा.

मी माझे देव वर नेले. दिवा, माळ, बसायची चटई, सगळं दादाच्या खाटेशेजारी मांडलं. म्हणजे कुणी विचारलं, आत्या, सारख्या वर कुठे जाता, तर देवापाशी जाते हे उत्तर खरंच होतं.

दादा शिकला. माझ्या डोळ्यांदेखत एक मोठा माणूस आवाज न करता जगायला शिकला. माडीची जमीन फळ्यांची, खाली बोललेलं वर येई आणि वरचं खाली जाई. कोणत्या फळ्या वाजतात ते त्याने पाठ केलं. खोकला आला की उशी तोंडावर घेई. डोळे लाल होत, मानेच्या शिरा तटतट फुगत, पण आवाज बाहेर येत नसे. उशाचं गजराचं घड्याळ त्याने जुन्या लोकरीच्या मफलरीत गुंडाळून ठेवलं. माझ्याच घरात मी चोर, तो एकदा कुजबुजला, आणि चोरायला काही ठेवलंय म्हणावं तर सगळीकडे बाकंच. आणि खालचं सगळं त्याला ऐकू येई. वहिनींचं शिकवणं त्याने इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. तो डोळे मिटून पडे आणि मध्येच हसे. संध्याकाळी त्यांना सांगे की तो दुसरा मुद्दा तुझा घाईत झाला हं. वहिनी लाजत. त्या वयात त्यांना लाजलेलं मी तेव्हाच पाहिलं.

एकदा चिमणीने मला पाण्याच्या माठाशी गाठून विचारलं, आत्या, वर मांजर आहे का? मी म्हटलं, नाही गं बाई, मांजर नाही. मग काय आहे, तिने विचारलं. माझा देव आहे, मी म्हटलं. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मान हलवून गेली. दुसरी एक टवळी मात्र माझ्या देखत म्हणाली, आत्यांचा उपास भारीच कडक, ताट दोनदा वर जातं. सगळ्या खिदळल्या. चिमणी हसली नाही.

त्या दिवसांत पोरींनाही खोकल्याची साथ आली होती. तास चालू असताना एकीला ठसका लागे की दुसरीला, तिसरीला. मला वाटे, गॅसच्या शेगड्यांचा धूर असेल.

परीक्षा सुरू झाली. हॉलमध्ये बाकं लांब लांब ठेवली. पर्यवेक्षक बाई कडक होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं की परीक्षा चालू असताना बाहेरचं कुणीही आत येता कामा नये, आलं तर तसं वर कळवावं लागेल आणि पेपर रद्दही होऊ शकेल. त्या आपलं काम करत होत्या. वहिनी रोज हॉलच्या दाराशी उभ्या राहत. दादाने आदल्या दिवशी खाटेवर बसून सगळ्यांची घड्याळं लावून दिली होती. मध्ये मध्ये उशीला टेकावं लागे, तरी एकही स्क्रू हरवला नाही.

शेवटच्या पेपरच्या दिवशी मी माळ घेऊन बसले होते. खालून कागद उलटल्याचा आवाज येत होता, मध्येच एखादं बाक करकरे. दादा उशीला टेकून बसला होता. एकदम त्याने छातीवर हात दाबला. त्याचे ओठ राखेसारखे झाले. मी उठले, तर त्याने बोटाने खाली, जमिनीकडे दाखवलं.

"थांब," तो म्हणाला. "पेपर चालू आहे."

मी थांबले नाही. अनवाणी जिना उतरले, बाकांमधून गेले, वहिनींच्या कानात सांगितलं. त्यांनी एकदा हॉलवर नजर टाकली. चिमणी पुरवणीसाठी हात वर करून बसली होती, पण डोळे कागदावर. वहिनी पर्यवेक्षक बाईंना खूण करून माझ्यामागे वर आल्या. चपला त्यांनी जिन्याखाली काढल्या होत्या.

दादाला पाहताच त्या वळल्या. डॉक्टरांना बोलावते म्हणाल्या. डॉक्टर यायचे म्हणजे समोरच्या दाराने, बूट वाजवत, लिहिणाऱ्या पोरींच्या मधून. मागच्या दाराने आले तरी जिना हॉलमधूनच होता. हे त्यांना कळत होतं, मलाही, आणि दादाला तर सगळ्यांत आधी कळलं होतं.

"आत्ता नको," तो म्हणाला. त्याला एकेक शब्द वेगळा उचलावा लागत होता. "इतकी वर्षं बाहेर बसलो. ते आज वाया घालवू नकोस."

वहिनींचा हात दाराच्या कडीवर होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग पाहवेना म्हणून देवाकडे पाहिलं.

"घंटा होईपर्यंत," त्या शेवटी म्हणाल्या. "घंटा झाली की मी स्वतः धावत जाते."

दादाने मान हलवली. वहिनी खाटेवर बसल्या आणि त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्यासमोर त्यांनी कधी त्याचा हातसुद्धा धरला नव्हता. दादाने चादरीचं टोक दातांत धरलं. कळ आली की त्याची बोटं वहिनींच्या मनगटात रुतत, आणि त्या हूं की चूं करत नव्हत्या. खाली एका पोरीची पट्टी जमिनीवर पडली, तर आम्ही तिघंही दचकलो. मी माळ ओढत होते. माणसाचं आयुष्य मागायचं सोडून मी देवाकडे घंटा मागत होते.

चादरीचं टोक त्याच्या दातांतून सुटलं, ते मला दिसलं. वहिनींना दिसलं नसावं, किंवा दिसलं असेल. त्या तशाच त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या.

मग मावशीने घंटा दिली. खाली एकच गलका उठला. बाकं सरकली, कुणी कुणाला मिठ्या मारत होतं, कुणी मोठ्याने रडत होतं, सुटलो गं बाई एकदाच्या, असं कुणीतरी ओरडलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा वहिनी त्या खोलीत कुजबुजल्या नाहीत, नेहमीच्या आवाजात बोलल्या.

"झाली घंटा," त्या म्हणाल्या. "अहो, आता बोला."

तरी त्या धावल्या. त्या घोळक्यातून, अनवाणी, रस्त्यापर्यंत आणि रस्त्यावरून. त्यांना धावताना कुणी पाहिलं नव्हतं. पोरी बाजूला झाल्या. डॉक्टर आले, आज बूट वाजवत आले. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि दादाचा हात खाली ठेवला. वहिनींनी विचारलं की आधी आला असता तर? डॉक्टर चांगले होते. खोटं बोलून त्यांना सुटता आलं असतं, आम्हालाही सोडवता आलं असतं.

"सांगता येत नाही, बाई," ते म्हणाले.

कापडवाले काका मुलीला न्यायला फाटकाशी आलेले होते. डॉक्टरांना धावत आत जाताना पाहून तेही आत आले आणि खालच्या बाकावर टेकले. आता समितीचे ते अध्यक्ष होते. थोड्या वेळाने वहिनी खाली उतरल्या आणि त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, चूक सापडलेली पोर उभी राहते तशा. त्या म्हणाल्या, तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला. ते इतके महिने वरच होते.

काकांना कळेना. कोणता शब्द, त्यांनी विचारलं. वहिनींनी सांगितलं. पहिल्या दिवशी उंबऱ्याशी उभं राहून ते काय बोलले, त्यांच्याच शब्दांत.

काका बाकावर पुढे सरकले. "मी म्हणालो होतो?" ते म्हणाले. "असेन म्हणालो. पोरगी पहिल्यांदा घराबाहेर सोडताना बाप काय काय बोलतो, बाई. ते तुम्ही अजून धरून बसलात?"

त्यांना वाटलं होतं, दादाला छत्रीवाल्याकडे गप्पांना माणसं मिळतात म्हणून तो तिथे बसतो. आणि वर दादा झोपून असतो, हे चिमणीने त्यांना केव्हाच सांगितलं होतं. पोरींना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. काकांनी मुलीला एवढंच बजावलं होतं की माणूस आजारी आहे, खाली गोंगाट करू नका, आणि बाई आपण होऊन बोलत नाहीत तोवर तुम्हीही बोलू नका, त्यांना अवघड वाटेल.

चिमणी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती, हातात अजून शाईचं पेन. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्या, घड्याळकाकांना ठसका लागला की आम्ही खोकायचो. म्हणजे त्यांना उशी घ्यायला लागू नये."

मी तिच्याजवळ बसले. आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो, त्या आमच्यापासून लपवत होत्या, आणि सगळे एकमेकांची मनं सांभाळत होतो. एवढ्या चांगल्या माणसांच्या मध्ये दादा गेला. पुरुष त्याला खांदा द्यायला आले, हॉलमधून, बाकं बाजूला सारून. कुणाचीच मुलगी दुसऱ्या दिवशी घरी राहिली नाही.

समितीच्या पुढच्या बैठकीत तो नियम गेला. चहा संपायच्या आत गेला. कुणी विरोध केला नाही, कुणाला चर्चा करण्यासारखंही काही वाटलं नाही. वहिनी बैठकीला गेल्या नव्हत्या. काका सांगायला आले तेव्हा, बरं झालं, म्हणाल्या. पहिली तुकडी सगळी पास झाली. चिमणी मोठ्या माणसासारखं तोंड करून आली आणि वहिनींच्या पाया पडताना रडली. वहिनींनी तिला उठवलं, तिचे डोळे पुसले, पुढे काय शिकणार ते विचारलं. माझ्याजवळ त्या दादाबद्दल बोलत नसत. फक्त कधी भाजी चिरताना मध्येच विचारत, वन्सं, डॉक्टर सांगता येत नाही म्हणाले, म्हणजे आले असते तर वाचलेही असते, असंच ना? मला खोटं बोलता येत नाही. मी म्हणे, किंवा नसते वाचले. दोन्ही खरं होतं. त्या मान हलवत, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा विचारत.

पुढल्या वर्षी मुली एवढ्या वाढल्या की गणित शिकवायला माणूस कमी पडला. बाई मिळेनात. समितीने एक निवृत्त मास्तर नेमले. धिप्पाड, पायात जाड तळाचे बूट, आणि जन्माचा खोकला. ते पहिल्या दिवशी वहिनींच्या कचेरीत आले, नमस्कार केला आणि विचारलं की मी बसू कुठे? वह्या तपासायला एक टेबल पुरे.

ओसरी भरलेली होती, शेडमध्ये जागा नव्हती. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी माझे देव पुन्हा स्वयंपाकघरात आणले होते.

"वरची खोली मोकळी आहे," त्या म्हणाल्या.

मास्तर वर गेले. हॉलमध्ये तेव्हा तिसऱ्या वर्षाचा तास होता आणि वहिनी स्वतः शिकवत होत्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभी होते. डोक्यावर फळ्या वाजल्या, एक, मग दुसरी, खुर्ची ओढल्याचा मोठा आवाज झाला, आणि मास्तर घसा साफ करून मोकळेपणाने, अगदी पोटातून खोकले. वहिनींच्या हातातला खडू फळ्यावर थांबला. पोरींनी मान वरसुद्धा केली नाही. त्या लिहीत राहिल्या, आणि पुढच्या बाकावरची एक, फळ्यावर पुढचं कधी येतंय याची वाट बघत, पेनचं टोक दातांत धरून बसली.